हरलेल्या माणसाची मिरवणूक

मन्मथ,

मंगळवारी सकाळी तुझ्या दुकानातून कॉलेजात फोन आला. शिपाई मला बोलवायला ग्रंथालयात आला. मी फोन घेतला. तू गेला होतास. दुपारी तुला बसवलं आणि सूर्य मावळायच्या आत मातीत ठेवलं.

हे लिहायला इतके दिवस लागले, कारण ‘बसवलं’ या शब्दाशी आलो की माझा हात थांबतो. तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि फुलांनी सजवलेल्या खुर्चीतून खांद्यावर नेतात. त्या खुर्चीला तुम्ही विमान म्हणता. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझ्या वडिलांच्या विमानामागून मी चाललो होतो. पण तुला खांदा देताना मला सारखं वाटत होतं, हे आपण आधी केलेलं आहे, इथेच कुठेतरी कॅमेरा असेल आणि आता कुणीतरी ‘कट’ म्हणेल. आपला कॅमेरावाला सलीम माझ्या मागेच चालत होता. त्याच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं.

स्मशानातून परतल्यावर तुझ्या आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. बायका बाजूला सरकल्या. ती म्हणाली, “ती क्यासेट पुसून टाक बाबा. गणाराधनेच्या आत पुसून टाक. जित्या माणसाला इमानात बसिवलं तुमी.”

ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती विनवत होती. मी हो म्हणालो.

गणाराधनेचं, म्हणजे तुझ्या दिवसांचं, जेवण पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. आपल्या पिच्चरची कॅसेट माझ्याकडे होती. तिची दुसरी प्रत नव्हती. तुकड्यांची जोडणी व्हायची होती, प्रत त्यानंतर काढायची असं ठरलं होतं. पुसणं म्हणजे काय, तेही मी सलीमला विचारून घेतलं. तो लग्नांचं शूटिंग करतो, जुन्या कॅसेटवर नवं लग्न घेतो, की खालचं जातं. म्हणजे तुझ्या अंगावरून कुणाची तरी वरात जाणार होती. मी कॅसेट पिशवीत घालून कॉलेजात नेऊ लागलो, घरी ठेवायची भीती वाटायची. लोहचुंबकाजवळ नेऊ नका असं सलीम एकदा म्हणाला होता, म्हणून फिजिक्सच्या प्रयोगशाळेवरून जायचं सोडून मी मागच्या जिन्यानं चढायला लागलो. उन्हात पिशवी अंगाच्या सावलीत धरायचो. जी गोष्ट आपल्याच हातानं पुसायची होती, तिला मी इतकं जपत होतो. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, काय बे पुस्तक्या, अंडी घेऊन चाललास काय?

तुझ्या गल्लीत केबल आली, तिथून हे सुरू झालं. तू दुकानात रंगीत टीव्ही बसवला होतास. रेडिमेडचे खोके येऊ लागले होते, कापड फाडून घेणारं गिऱ्हाईक कमी झालं होतं, आणि तुला बघायला भरपूर वेळ होता. एका दुपारी परदेशातल्या कुठल्याशा चौकात लोक एका पुतळ्याच्या गळ्यात दोर घालून तो ओढत होते. गादीवर बसलेल्या बायका ब्लाऊजपीस सोडून तिकडे बघत राहिल्या. पुतळा पडल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. तू कापड मोजायच्या गजावर हात ठेवून म्हणालास, “पुतळा पडला. पन ज्याचा हाय तो आत्ता कुठं बसला आसंल? चहा कोन करून देत आसंल त्याला?”

त्या चहातून आपला पिच्चर निघाला. त्याला आपण शेवटपर्यंत नाव दिलं नाही. हुकूमशहा हरतो. जिंकलेले त्याला फासावर देत नाहीत. जिथे त्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही अशा मुलखात नेऊन सोडून देतात, हीच शिक्षा. त्याच्यासोबत एकच माणूस आपणहून येतो, त्याचा जुना सहायक. तो रोज सकाळी दाढी करून, टोपी घालून समोर उभा राहतो आणि बातम्या सांगतो: अमुक शहर परत घेतलं, तमुक नदी ओलांडली. सगळ्या खोट्या. हुकूमशहा ऐकून घेतो आणि दर बातमीनंतर दोनच शब्द बोलतो, “छान. पुढं?”

हुकूमशहा तू झालास. सहायकासाठी मी दोन-तीन नावं सुचवली, पण तू माझ्यावर अडून बसलास. म्हणालास, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, मला तेच पाहिजे. गणवेश लग्नाच्या बँडवाल्यांकडून आणला. खिशावर बँडचं नाव जरीनं भरलेलं होतं. सलीम कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, “सेठ, छाती पे ब्रास बँड लिखा है. दुश्मन हसेंगे.” मग तू नव्यानं आलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची झाकणं ठोकून पदकं केलीस आणि ते नाव झाकलंस.

मांजरसुंब्याच्या पुढे घाटावर ते पडीक विश्रामगृह आपल्याला सापडलं. शूटिंग झालं की खाली फाट्यावरच्या धाब्यावर आपण जेवायचो. तू कोट काढायचा नाहीस. धाब्यावाल्यानं विचारलं, लगीन कुणाचं हाय? तू गंभीरपणे म्हणालास, माझंच व्हतं, नवरी दुसऱ्यानं नेली. तो बिचारा वाईट वाटून तुझ्या ताटात जास्तीची भाकरी ठेवून गेला. ती तू मला दिलीस. त्या दिवशी तू फक्त ताक प्यालास. हे मला आत्ता आठवतं आहे. तेव्हा मी ती भाकरी खाल्ली आणि तुझ्याशी भांडलो.

भांडण एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, या माणसाला आपण हरलो हे माहीत नाही; ज्या दिवशी कळेल तो पिच्चरचा शेवट. माझ्याजवळ पुस्तकं होती, खुणा केलेली. असे लोक शेवटच्या तासातसुद्धा नकाशावर नसलेल्या फौजा हलवत होते, हे मी तुला वाचून दाखवायचो. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, “त्याला पैल्या दिसापासून ठावं हाय बे.”

मग तो रोज त्या खोट्या बातम्या ऐकतो कशाला?

“समोरचा मानूस सकाळी उठून, दाढी करून, तोंड हसरं ठेवून येतो. त्याला काय सांगायचं, जा बाबा घरी, सपलं सगळं? मग त्यानं जायचं कुठं?”

मला याचा राग यायचा. मी म्हणायचो, ज्यानं लाखो माणसं मेलेली पाहून मान वळवली नाही, त्याला आता एका नोकराच्या तोंडाची काळजी? तू त्याला चांगला करतो आहेस. हरलेला माणूस सुधारतो असं कुणी सांगितलं तुला?

“सुधरत न्हाई. ल्हान होतो. ल्हान झाल्यावर समोरचं दिसतं, एवढंच.”

लोकांना त्याची कीव येईल, मी म्हणालो. तू म्हणालास, “येऊ दे की. घरी गेल्यावर घाबरतील, का ह्या मानसाची आपल्याला कीव कावून आली.”

या वाक्याचं उत्तर मी बरेच दिवस पुस्तकांत शोधत होतो. पटलं होतं असं नाही. उत्तर सापडेपर्यंत तू आहेस, असं मी धरून चाललो होतो.

मग सिरसाळ्याचं शूटिंग. तो प्रसंग मी लिहिलेला. हुकूमशहाला स्वप्न पडतं की तो जिंकला आहे आणि लोक त्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन मिरवत आहेत. ग्रंथालयात बसून लिहिताना माझ्या डोळ्यापुढे जाड पुस्तकांतली सेनापतींची चित्रं होती. चार गल्ल्या पलीकडे आपल्याच गावात माणसं खुर्चीत बसून कुठे जातात, ते मला आठवलं नाही. तुला आठवलं नसेल, हे शक्य नाही. तरी तू वाचून फक्त म्हणालास, झकास, सिरसाळ्याला मामाच्या आडतीवर हमाल हायेत, खांद्याला पक्के. झेंडूच्या माळाही तूच आणायला लावल्यास.

सकाळची वेळ होती, बाजाराला जाणारी माणसं रस्त्याला होती. चार हमालांनी बांबूंना बांधलेली खुर्ची उचलली. तू डोळे समोर ठेवून बसला होतास, मांडी घालून. मी लिहिलं होतं पाय सोडून, तू मांडी घातलीस. पन्नास पावलं गेलो नसू, समोरून येणारा सायकलवाला उतरला आणि त्यानं टोपी काढली. एका बाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवून हात जोडले. मग दुकानांच्या पायऱ्यांवरून माणसं उतरली आणि काही न बोलता मागून चालू लागली. एका म्हाताऱ्यानं सलीमला हलक्या आवाजात विचारलं, “कोन गेलं म्हनायचं?” सलीमला मराठी चांगली येते, पण तो कॅमेऱ्याला डोळा लावून चालत राहिला.

पुढचा हमाल घाबरला. मान न वळवता म्हणाला, “शेट, खाली उतरा. हे बरं न्हाई.”

तू ओठ न हलवता म्हणालास, “चालत ऱ्हा.”

मी कट म्हणालो. दोनदा म्हणालो. सलीमनं कॅमेरा बंद केला नाही, कारण तू उतरला नाहीस. वेशीपर्यंत तू तसाच गेलास, आणि मागून ती सगळी माणसं. कुणी रडत नव्हतं. परक्या माणसाच्या शेवटच्या वाटेवर जेवढं चालायचं असतं तेवढं ती चालली आणि वळली. परत येताना जीपमध्ये मी तुला म्हणालो, आपली चूक झाली, हा प्रसंग काढून टाकू. तू म्हणालास, ह्योच ठेवायचा, बाकी सगळं काढ.

बातमी तुझ्या आईपर्यंत पोचायला आठवडासुद्धा लागला नाही.

त्यानंतर तू दुकानात कमी बसू लागलास. बार्शीला चाललोय, माल बघायला, असं म्हणायचास. आपल्या भागात बार्शी म्हटलं की माणसं गप्प होतात, तिथे त्या रोगाचा, कॅन्सरचा दवाखाना आहे. पण तू माल म्हणालास आणि मी मालच ऐकलं. पुढे कावीळ म्हणालास, आणि मी कावीळच ऐकली. तुझे कान कधी लाल झाले नाहीत.

मी रोज संध्याकाळी यायचो. तू उशीला टेकून बसलेला असायचास. मी तुला सांगायचो, सलीम नवा कॅमेरा घेतोय. पुण्याच्या एका मंडळाला मी आपल्या पिच्चरबद्दल कळवलं आहे, त्यांनी पाहू म्हटलंय. दिवाळीनंतर घाटावर हिरवं कमी होईल, तेव्हा शेवट घेऊ, तोवर तू उठशील. आज तुझा चेहरा कालच्यापेक्षा पुष्कळ बरा दिसतो. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, “छान. पुढं?”

मला वाटायचं, तू गंमत करतो आहेस. मी हसायचो. एकदा तर पाय जुळवून सलामही केला.

गणाराधनेच्या आदल्या सकाळी सलीम व्हीसीआर घेऊन तुझ्या घरी आला. तुझ्या आईनं सांगितलं होतं, माझ्यासमोर पुसा. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता आणि तो नसणं बरोबर होतं. सलीमनं वायरी जोडल्या. रेकॉर्ड करायचं बटन त्यानं मला दाखवलं आणि म्हणाला, “सर, तुमीच दाबा. माझ्यानं न्हाई व्हायचं.” पण मिरवणूक कुठून सुरू होते ते शोधायला कॅसेट चालवावी लागणार होती. तुझी आई टीव्हीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

घाट गेला. विश्रामगृह गेलं. माझा खोटं बोलणारा आवाज दोन-तीनदा आला, आणि तुझा. मग बांबूंची कुरकुर ऐकू आली, हमालांचे श्वास, आणि त्या म्हाताऱ्याचं विचारणं, कोन गेलं म्हनायचं.

ती वळली.

“थांब,” ती म्हणाली. सलीमनं चित्र थांबवलं. थांबलेल्या चित्रावर रेघा थरथरत होत्या. तू त्या खुर्चीत बसला होतास, छातीवर झाकणांची पदकं, डोळे समोर. आणि डावा हात मांडीवर, तळवा वर करून उघडा ठेवलेला. हे मी लिहिलं नव्हतं. मंगळवारी त्याच तळव्यावर लिंग होतं. इथे तो रिकामा होता.

तुझी आई उठून टीव्हीपाशी गेली. पदरानं काचेवरची धूळ पुसली. खाली बसली, अगदी जवळ.

“असाच बसला व्हता का? त्या दिशी?”

मी म्हणालो, असाच.

“मला बगूच दिलं न्हाई. सगळ्याजनी धरून बसल्या व्हत्या. दारात इमान उचललेलं नुस्तं ऐकू आलं.” मग सलीमला म्हणाली, “फुडं चालू दे.”

तिनं वेशीपर्यंत पाहिलं. टोपी काढणारा सायकलवाला पाहिला, पाटी ठेवणारी बाई पाहिली, मागून आलेली माणसं पाहिली. एकदा म्हणाली, लई मानसं आली की. चित्र संपून पडद्यावर मुंग्या आल्या तरी ती बसून होती. माझं बोट त्या बटनाजवळ होतं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्याला ठावं व्हतं. सिरसाळ्याला जायच्या आदीच बार्शीच्या डाक्टरनं सांगितलतं. मी कपिलधारला नवस बोलले व्हते, मला आशा व्हती. हे इमानाचं कळलं अन् माझी आशा गेली. म्हनून पूस म्हनले.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

“त्यानंच नको म्हनलं. म्हनला, आई, त्यो रोज येतो, लई खूस असतो. त्याला कळलं तर पिच्चर सोडून देईल. मग संध्याकाळी जाईल कुठं?”

सलीम वायरी गुंडाळायला लागला. माझे कान तापले होते.

तेव्हापासून मी आपलं ते भांडण पुन्हा पुन्हा मांडून बघतो आहे, मन्मथ. त्या हुकूमशहाबद्दल मी अजूनही म्हणतो तेच खरं. तो तसा नसतो. रोज खोटं सांगायला येणाऱ्याचं तोंड बघून त्याला दया येत नाही. फार तर त्याला आणखी एक दिवस राज्य मिळतं. सहायकाच्या काळजीनं गप्प राहणारा माणूस तू त्या कोटात घातलास, तो तुझ्याकडचा होता. त्याचं नसलेलं काहीतरी तू त्याला उसनं दिलंस, आणि म्हणून आपला पिच्चर चुकला आहे. हे तुला समोर बसवून सांगायचं होतं. तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे आणि नाहीही. तू मला सांगायला हवं होतंस, असं एक दिवस वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, त्या संध्याकाळी मी कुठे गेलो असतो? या दोन्हींच्या मध्ये मी ग्रंथालयात बसतो, पुस्तकं देतो, घेतो, आणि पाच वाजले की पाय तुझ्या घराकडे वळतात. अर्ध्या वाटेवर लक्षात येतं. तरी जातो. तुझी आई चहा करते. आम्ही फार बोलत नाही. कधी ती विचारते, आज काय नवं, आणि मी काहीतरी सांगतो. खरं तेच सांगायचं असं ठरवलं आहे, त्यामुळे सांगण्यासारखं थोडंच असतं.

शेवट तू मला लिहायला सांगितला होतास. त्याला कुणी मारायचं नाही आणि त्यानं रडायचं नाही, एवढ्याच तुझ्या अटी. मी लिहायला घेतो. सहायक सकाळी येतो, टोपी नीट करतो, समोर उभा राहतो. खुर्ची रिकामी आहे. त्यापुढे मला लिहिता येत नाही, कारण त्यानं बातमी सांगावी की न सांगता परत जावं, हे ठरवायला तू लागतोस.

कोट बँडवाल्यांना परत दिला. झाकणं आधी काढून घेतली. टोपी माझ्याकडे आहे. कॅसेट तुझ्या आईच्या कपाटात आहे, तिच्या लुगड्यांच्या खाली. शेवटचा प्रसंग घ्यायचा राहिला आहे.